हात न लावता श्वास मोजणारे रडार

पाळण्यात मूल गाढ झोपलेले असते. आईच्या मनात मध्येच शंका येते, मूल श्वास घेते आहे ना? ती वाकून पाहते. अंगावरचे दुपटे किंचित वर-खाली होताना दिसले की तिचा जीव भांड्यात पडतो. अंधार असला तर ती छातीवर हलकेच हात ठेवून पाहते, आणि मग बहुधा मूल जागे होऊन रडू लागते!

विद्यार्थीमित्रांनो, श्वास मोजणे हे दिसते तितके सोपे काम नाही. शेजारच्या बाकावरील मित्राला सांगा, "मी आता तुझे श्वास मोजणार आहे." लगेच त्याचा श्वास बदलेल. तो दीर्घ श्वास घेऊ लागेल, नाहीतर हसू लागेल. म्हणून अनुभवी डॉक्टर एक युक्ती करतात. नाडी पाहून झाली तरी ते रोग्याचे मनगट सोडत नाहीत. रोग्याला वाटते, नाडीच चालली आहे. डॉक्टर मात्र तिरप्या नजरेने छातीकडे पाहून श्वास मोजत असतात. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला सुमारे १२ ते २० श्वास घेतो. नवजात बालकाचे श्वास ३० ते ६० असतात.

या आकड्यांना फार मोल आहे. खोकला झालेले, २ महिने ते १ वर्ष वयाचे मूल शांत असताना मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर त्याला न्यूमोनिया असण्याचा संभव धरून तातडीने उपचार करावे लागतात. १ ते ५ वर्षांच्या मुलासाठी हा आकडा ४० आहे. ज्या खेड्यात डॉक्टर नाही, क्ष-किरणांचे यंत्र नाही, तेथे हे मोजणेच मुलाचा जीव वाचवते. पण न शिकलेल्या दाईने ५० पर्यंत मोजायचे कसे? गडचिरोली जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे उपकरण तयार केले. या लेखाचा विषय याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. दोन्ही उपकरणे मोजतात मात्र एकच गोष्ट.

आता अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा विचार करा. अशी बाळे श्वास घेता घेता मध्येच थांबतात. श्वास २० सेकंदांहून अधिक काळ थांबला, तर ती धोक्याची खूण समजतात. त्यामुळे काचेच्या पेटीतील बाळाच्या श्वासावर रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी छातीवर विद्युत्‌-अग्रे चिकटवतात. पण या बाळांची कातडी इतकी नाजूक असते की, चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर कातडीचा पापुद्राही निघू शकतो. भाजलेल्या रोग्याची अडचण अशीच आहे. ज्याच्या छातीवर कातडीच शिल्लक नाही, त्याला पट्टी कोठे चिकटवणार? हात न लावता, दुरूनच श्वास मोजता आला तर? विमाने आणि जहाजे हुडकणारे रडार हे काम करू शकते.

गाडीची शिटी आणि छातीची हालचाल

रेल्वेचे इंजिन शिटी वाजवत आपल्याकडे येत असताना तिचा सूर चढा ऐकू येतो, आणि इंजिन पुढे निघून जाताच तो एकदम उतरतो, हे तुम्ही फलाटावर अनुभवले असेल. ध्वनीचा उगम आपल्याकडे येत असला की त्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, वाढल्यासारखी भासते. दूर जात असला की कमी भासते. प्राग येथे अध्यापन करणारे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ साली ही कल्पना मांडली. पुढे तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी आगगाडीच्या उघड्या डब्यात तुतारी वाजवणारे बसवून, आणि रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेले लोक उभे करून ती तपासून पाहिली. विज्ञानाच्या इतिहासात इतका सुरेल प्रयोग क्वचितच झाला असेल!

रेडिओ तरंगांचेही असेच होते. हलत्या वस्तूवर आपटून परतलेल्या तरंगांची कंप्रता थोडी बदललेली असते. आपली छाती ही अशीच एक हलती वस्तू आहे. शांत श्वसनात ती साधारण ४ ते १२ मिलिमीटर पुढे-मागे होते. मग छातीकडे रेडिओ तरंग सोडावेत, परत आलेल्या तरंगांची कंप्रता पाहावी, की झाले काम!

पण जरा हिशेब करू या. आजच्या अशा उपकरणांत बऱ्याचदा सेकंदाला २४ अब्ज कंपने असलेले तरंग वापरतात. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३० अब्ज सेंटिमीटर या संख्येला, २४ अब्जांनी भागले की तरंगलांबी मिळते साडेबारा मिलिमीटर. समजा, श्वास घेताना छाती २ सेकंदांत ८ मिलिमीटर पुढे आली. तिचा वेग झाला सेकंदाला ४ मिलिमीटर. तरंगांचा मार्ग जाता आणि येता अशा दोन्ही वेळी कमी होतो, म्हणून ८ घ्यायचे. ८ ला साडेबाराने भागले की येतात ०.६४. म्हणजे २४ अब्ज कंपनांत फरक पडला तो एका कंपनाहूनही कमी! हा फरक सरळ मोजू म्हटले, तर ते हत्तीच्या वजनावरून त्याच्या पाठीवर बसलेल्या मुंगीचे वजन काढण्यासारखे होईल.

युक्ती अशी की, तरंगांची कंपने मोजतच बसायचे नाही. बाहेर पाठवलेल्या तरंगाचा थोडा भाग उपकरणातच राखून ठेवायचा आणि परतलेल्या तरंगाशी त्याचे मिश्रण करायचे. दोन्ही तरंग शिखराला शिखर लावून आले, की एक प्रकारचा संदेश मिळतो; एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीशी आले, की उलट प्रकारचा. दोन तरंगांच्या पावलांतील या फरकाला 'कलेतील फरक' म्हणतात. छातीच्या हालचालीने तो सतत बदलतो, आणि इतक्या सावकाश बदलतो की तो कागदावर सहज आलेखता येतो.

येथे आणखी एक गमतीची गोष्ट आहे. दोन मीटरवरच्या माणसापर्यंत जाऊन परत येण्यास तरंगाला सेकंदाचा अब्जांश असे सुमारे १३ भागच लागतात. तेवढ्या वेळात उपकरणाचा दोलक फारसा भरकटत नाही. राखून ठेवलेला तरंग आणि परतलेला तरंग हे एकाच दोलकाची भावंडे असल्याने त्याच्या लहानसहान चुका दोघांतही सारख्याच येतात आणि वजाबाकीत निघून जातात.

घड्याळाचा काटा

कलेतील फरक समजण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा डोळ्यांसमोर आणा. मार्गात एक तरंगलांबीचा, म्हणजे साडेबारा मिलिमीटरचा फरक पडला, की काट्याची एक फेरी पूर्ण होते असे माना. छाती ८ मिलिमीटर पुढे आली म्हणजे मार्ग १६ मिलिमीटरने कमी झाला. म्हणजे काटा एक पूर्ण फेरी मारून वर पाव फेरीहून थोडा अधिक गेला. हे तर कोणालाही दिसेल!

आणि हृदय? हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छातीचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपासून फार तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत हलतो. ०.३ मिलिमीटर धरला तर मार्गातील फरक ०.६ मिलिमीटर, आणि आपला काटा सरकेल घड्याळावरची सुमारे ३ मिनिटे. थोडे आहे, पण मोजता येण्याजोगे आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रडारला धडधडणारे हृदय 'दिसते' असे अनेकांना वाटते. तसे नाही. हे तरंग सुती कपडे, दुपटे, कोरडी गोधडी यांतून पलीकडे जातात. पण कातडीत पाणी भरपूर असते, त्यामुळे तेथे त्यांचा मोठा भाग परतवला जातो आणि उरलेला मिलिमीटरभर खोलीतच बहुतेक शोषला जातो. रडारला कळते ते कातडीचे हलणे. आतल्या हृदयाचा अंदाज आपण त्यावरून करतो; दारावरच्या थापेवरून बाहेर कोण आले असेल ते ओळखावे तसा.

सुरुवातीच्या उपकरणांत एक विचित्र दोष आढळत असे. रोगी नीट श्वास घेत असतानाही आलेख मधूनच सपाट होई. रोग्याला किंचित मागे सरकवले की पुन्हा चांगला आलेख येई. असे का? समजा, घड्याळाचा काटा तुम्हांला दिसत नाही, फक्त त्याच्या टोकाची उंची कळते. काटा ३ च्या आसपास असताना तो थोडा जरी फिरला, तरी टोकाची उंची भरभर बदलते. पण १२ च्या किंवा ६ च्या आसपास तो तेवढाच फिरला, तर उंचीत जवळजवळ फरकच पडत नाही. उंची मोजणारा म्हणेल, काटा थांबला! २४ अब्जांच्या रडारच्या बाबतीत अशी आंधळी जागा जवळजवळ दर तीन मिलिमीटरला येते. दोन मीटरवर झोपलेल्या माणसाला मिलिमीटरच्या हिशेबाने कोण कसे निजवणार?

उपाय तुमच्या लक्षात आला असेलच. काट्याच्या टोकाची उंची मोजणारा एक ग्राही, आणि ते टोक डावीकडे-उजवीकडे किती आहे हे मोजणारा दुसरा ग्राही ठेवायचा. पहिला आंधळा होतो तेथे दुसऱ्याची नजर सर्वांत तीक्ष्ण असते. व्यवहारात राखून ठेवलेल्या तरंगाचा पाव फेरी मागे टाकलेला आणखी एक भाग घेऊन हे साधतात. दोघांचे आकडे मिळाले की भूमितीने काट्याची खरी दिशा काढता येते. तुम्ही शिकत असलेले त्रिकोणमितीतील 'टॅन' येथे उपयोगी पडते!

तंबोऱ्यातला गंधार

श्वास मिळाला, आता त्यातून हृदयाचे ठोके वेगळे काढायचे. मिनिटाला १५ श्वास आणि ७५ ठोके असतील, तर दोन्ही ताल इतके वेगळे आहेत की त्यांची गल्लत होण्याचे कारण नाही, असे वाटते ना? पण गल्लत होते.

तंबोऱ्याची खर्जाची तार लक्ष देऊन ऐकली, तर तिच्यातून षड्जाबरोबरच गंधारही उमटतो. कोणी तो वाजवलेला नसतो. तारेच्या मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेची कंपनेही तारेत असतात, आणि पाचपटीचे कंपन आपल्याला गंधार म्हणून ऐकू येते. श्वासाचेही तसेच आहे. श्वास झोपाळ्यासारखा नियमित झुलत नाही. आत घेणे चटकन, सोडणे सावकाश, मग जरा विसावा. त्यामुळे १५ च्या श्वासात ३०, ४५, ६० आणि ७५ चे अंशही मिसळलेले असतात. आणि ७५ हा तर हृदयाचाच आकडा! श्वासाचा हा 'गंधार' लहान खरा, पण हृदयामुळे होणारी हालचालही लहानच असते. ठोके म्हणून यंत्राने जे मोजले, तो श्वासाचा प्रतिध्वनी तर नाही ना, हे ठरवण्यात संशोधकांची आजही बरीच शक्ती खर्च होते. माझ्या मते या विषयातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. रडार बनवणे त्या मानाने सोपे!

पंख्याचा प्रश्न त्याहून सरळ आहे. खोलीत फिरता पंखा, हलणारा पडदा, शेजारी निजलेला भाऊ, या सर्वांवरून तरंग परत येतात. त्यांतून नेमका रोगी कसा निवडायचा? त्यासाठी एकाच कंप्रतेचे तरंग न सोडता कंप्रता सतत चढवत नेतात. सूर चढवत जाणाऱ्या भोंग्याची कल्पना करा. त्याचा प्रतिध्वनी तुमच्यापर्यंत येतो, तोवर भोंगा आणखी वर गेलेला असतो. म्हणून प्रतिध्वनीचा सूर नेहमी खालचा ऐकू येईल. आणि जितकी भिंत दूर, तितका तो अधिक खालचा. दोन सुरांतील अंतरावरून भिंतीचे अंतर काढता येते. रडारची कंप्रता अशी ४ अब्जांनी चढवली, तर पावणेचार सेंटिमीटर अंतराने मागे-पुढे असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात. मग संगणकाला सांगायचे, दीड मीटरवरचे तेवढे ऐक, बाकीचे सोडून दे.

डेट्रॉइट ते चौतारा

रडारचा हा उपयोग नवा नाही. जेम्स लिन यांनी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे, वेन स्टेट विद्यापीठात असताना १९७५ मध्ये सूक्ष्मतरंगांनी श्वसन मोजल्याचे प्रसिद्ध केले, आणि १९७९ मध्ये छातीवर जाणवणाऱ्या हृदयाच्या टोकाच्या हालचालीचेही आलेख मिळवल्याचे दाखवले. उपकरणे त्या काळी अवजड होती. आज तेच काम नखाएवढ्या चकतीवर होते. सेकंदाला ६० अब्ज कंपनांचे, म्हणजे फक्त ५ मिलिमीटर लांबीचे तरंग वापरणारी रडारे २०२१ पासून उशाशी ठेवण्याच्या घरगुती उपकरणातही आली. ५ मिलिमीटर हा आकडा वाचून आपल्याला एका भारतीयाची आठवण झाली पाहिजे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात ५ मिलिमीटरपर्यंतचे आखूड रेडिओ तरंग निर्माण करून त्यांवर प्रयोग केले होते. १८९५ च्या जाहीर प्रयोगात त्यांनी तरंग भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवली होती.

भिंतीपलीकडे जाण्याच्या या गुणाचा फार मोठा उपयोग भूकंपात होतो. ढिगाऱ्याखाली सापडलेला माणूस बेशुद्ध असला, तर तो हाका मारू शकत नाही. पण तो जिवंत असेल तर त्याची छाती हलत असते. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात कुन-मू चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये १० अब्ज कंप्रतेचे असे 'जीवनशोधक' यंत्र प्रसिद्ध केले. पुढे ढिगाऱ्यासाठी त्यांनी मुद्दाम खालच्या, १.१५ अब्ज आणि ४५ कोटी अशा कंप्रता निवडल्या. कारण सोपे आहे. आखूड तरंग बारीक हालचाल चांगली टिपतात, पण ओल्या विटामातीत लवकर विरून जातात. लांब तरंग खोलवर पोचतात, पण त्यांना बारीक हालचाल तितकी कळत नाही. दोन्ही गुण एकाच तरंगात मिळत नाहीत.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ प्रतीचा भूकंप झाला. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत बनलेली 'फाइंडर' नावाची दोन प्रायोगिक यंत्रे तेथे नेली होती. प्रवासी पेटीएवढे हे यंत्र. चौतारा या गावी दोन पडक्या इमारतींच्या ढिगाऱ्यांत त्यांनी प्रत्येकी दोन हृदयांचे ठोके टिपले. विटा, माती आणि लाकडे यांच्या दहा फुटांपर्यंतच्या थराखालून चार माणसे जिवंत बाहेर काढण्यात आली.

तरीही यंत्राने 'काही नाही' म्हटले म्हणजे खाली कोणी जिवंत नाही, असा अर्थ काढता येत नाही. वर पत्रा किंवा लोखंडी सळ्यांची दाट जाळी असेल, तर तरंग तेथूनच परततात. पावसाने ढिगारा भिजला असेल, तर ते मध्येच शोषले जातात. यंत्राचे 'आहे' कामाचे, 'नाही' मात्र तपासून घेण्याचे. म्हणून बचावपथके कुत्री आणि कानोसा घेणारी उपकरणेही बरोबर ठेवतात.

इस्पितळातही अशीच एक मेख आहे. काही लोकांचा घसा झोपेत आतून मिटतो. हवा आत जात नाही, पण छाती धडपड करीत हलतच राहते. छातीच्या हालचालीवरच विसंबलेले रडार अशा वेळी फसू शकते. रक्तातील प्राणवायू किती, हेही त्याला सांगता येत नाही. शिवाय माणूस कुशीवर वळला की काही क्षण त्याचा सगळा हिशेब विस्कटतो. मिलिमीटर मोजणाऱ्यापुढे एकदम वीतभर हालचाल आली, तर दुसरे काय होणार! नेहमीची उपकरणे काढून टाकून बाळाला केवळ रडारच्या हवाली करावे, असे म्हणूनच आज कोणी म्हणत नाही. त्यांच्या जोडीला ते असावे, चिकटपट्ट्या कमी व्हाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

या तरंगांनी अपाय तर होत नाही ना, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. अन्न शिजवणाऱ्या सूक्ष्मतरंग भट्टीची शक्ती शेकडो वॅट असते. या रडारांची असते वॅटच्या काही सहस्रांश, आणि तीही खोलीभर पसरलेली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. छायाचित्रकापेक्षा रडार बरे, कारण त्यात चेहरा दिसत नाही, असे सांगतात. ते खरे आहे. पण भिंतीपलीकडे कोण जागे आहे, कोण झोपले आहे, कोणाचा श्वास अचानक जलद झाला, हे ज्या यंत्राला कळते, ते कोणाच्या हाती द्यायचे? हे काही भौतिकीच्या पुस्तकात सापडणार नाही.

करून पाहा

अगदी लहान हालचाल दुरून मोठी कशी दिसते, हे घरीही पाहता येईल. नखाएवढा आरशाचा तुकडा घ्या. त्याच्या कडा कागदाच्या पट्टीने झाका, म्हणजे हाताला कापणार नाही. मनगटावर नाडी लागते त्या जागी मळलेल्या कणकेची लहानशी गोळी ठेवून तिच्यावर आरसा बसवा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात हात टेबलावर स्थिर ठेवा आणि कवडसा समोरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. कोणाच्या डोळ्यांवर तो जाऊ देऊ नका. कवडसा नाडीच्या तालावर नाचू लागेल. आरसा १ अंशाने कलला की परावर्तित किरण २ अंशांनी वळतो. भिंत ३ मीटर दूर असेल, तर कवडसा सुमारे १० सेंटिमीटर सरकेल. मग उताणे निजून आरसा पोटावर ठेवा आणि कवडसा छतावर पाडून मित्राला तुमचे श्वास मोजू द्या. तुम्ही स्वतः मात्र छताकडे पाहू नका. पाहिलेत की श्वास बदललाच म्हणून समजा.

आणि एक लहानसे गणित. चेन यांच्या १९८६ च्या यंत्राची कंप्रता १० अब्ज होती, म्हणजे तरंगलांबी ३ सेंटिमीटर. छाती ८ मिलिमीटर हलली, तर आपल्या घड्याळाचा काटा किती मिनिटे पुढे जाईल? (उत्तर : ३२ मिनिटे.)